बारावा गडी

शाळेचं वेळापत्रक तयार करण्याचं काम माझ्याकडे एकंदर सतरा वर्षं होतं. हे काम मी मागून घेतलेलं नव्हतं. गणिताच्या मास्तराला रिकामे चौकोन भरता येतात असा आमच्या मुख्याध्यापकांचा समज होता, आणि मुख्याध्यापकांचे समज हेच शाळेचे नियम असतात. त्यामुळे दर जूनमध्ये शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर एक भला मोठा कागद पसरायचा, पट्टीनं रेघा मारायच्या आणि पुढचे पंधरा दिवस समस्त शिक्षकवर्गाचे बोल ऐकायचे, हा माझा वार्षिक कुळाचार होऊन बसला. इतिहासाच्या बाईंना पहिला तास नको, कारण त्यांची लोकल वेळेवर येत नाही. चित्रकलेच्या मास्तरांना शेवटचा तास नको, कारण तोवर मुलं कागद सोडून एकमेकांना रंगवायला लागतात. संस्कृतच्या शास्त्रीबुवांना मधल्या सुट्टीनंतरचा तास नको, कारण त्या तासाला झोप येते. कोणाला येते, हे मात्र ते सांगत नसत.

या सतरा वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली. नववी अ आणि नववी ब, दोन्ही तुकड्यांना गणित मीच शिकवत असे. पुस्तक तेच, फळा तोच, विनोदही तेच. अ तुकडीला पहिला तास आणि ब तुकडीला कवायतीनंतरचा. निकाल लागला की अ तुकडी पुढे. पालक म्हणायचे, "अ ची मुलंच हुशार हो!" एका वर्षी मी तास उलटे केले, तर ब तुकडी पुढे! मार्कांचा कागद सगळं गाव वाचतं. वेळापत्रकाचा कागद कुणी वाचत नाही.

तो वाचणारा माणूस मला निवृत्तीनंतर भेटला, आणि तो निघाला आमचा जावई.

आमची मुलगी फिलाडेल्फियाजवळ राहते. अमेरिकेत गेलेल्या सासऱ्याला दोनच उद्योग असतात, भाजी निवडणं आणि बाहेर थंडी किती आहे ते विचारणं. असाच एका मे महिन्यात मी घेवडा निवडत बसलो होतो. जावईबापू टीव्हीसमोर कागद-पेन्सिल घेऊन बसलेले. चेहरा असा, की घरात कुणाचं तरी ऑपरेशन चाललंय. मी हळूच विचारलं, "काय हो, काही विशेष?"

"वेळापत्रक जाहीर होतंय, बाबा."

"कसलं? आगगाडीचं?"

"फुटबॉलचं. यंदाच्या हंगामाचं."

घेवडा हातातच राहिला. वेळापत्रक जाहीर होण्याचा टीव्हीवर कार्यक्रम! तासन्‌तास चालणारा, सुटाबुटातली चार माणसं चर्चा करताहेत असा! माझं वेळापत्रक सतरा वर्षं शिक्षकांच्या खोलीतल्या पंख्याखाली टाचणीनं लावलं जात होतं, आणि त्याचं स्वागत फक्त "हे काय केलंत?" या तीन शब्दांत होत होतं.

हे फुटबॉल म्हणजे आपलं फुटबॉल नव्हे. यातला चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट. त्याला पाय क्वचितच लागतो. बहुतेक वेळ तो काखोटीला मारून एक जण पळतो आणि बाकीचे त्याला आडवा करतात. मला तर तो हुतूतूचा श्रीमंत चुलतभाऊ वाटला. एका बाजूला गडी अकरा. पण बारावा गडी कोण, हे मला त्या संध्याकाळी कळलं. क्रिकेटमधला बारावा पाणी घेऊन येतो. इथला बारावा गडी म्हणजे वेळापत्रक, आणि तो कधीकधी विजेतेपद घेऊन येतो.

जावयांनी कागद माझ्यापुढे सरकवला. एखाद्या ज्योतिषानं पत्रिका मांडावी तशी मांडणी होती. अमुक संघाशी विजय, तमुकाशी पराभव, इथे सलग तीन सामने परगावी म्हणजे साडेसाती, इथे रविवारनंतर गुरुवारीच पुन्हा सामना म्हणजे वक्री शनी.

"अहो, पण अजून एकही सामना झालेला नाही!" मी म्हणालो.

"सामने नंतरचे, बाबा. आधी कोणाशी आहेत ते बघायचं."

या वाक्यासाठी मी त्यांना मुलगी पुन्हा एकदा द्यायला तयार होतो.

हिशेब असा. इंग्लंडच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये २० संघ असतात आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा घरी, एकदा त्याच्या दारी. ३८ सामने झाले की भांडण मिटलं. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका. अमेरिकेच्या या लीगमध्ये संघ ३२ आणि प्रत्येकाचे सामने १७. त्यातही आपल्या गटातल्या तिघांशी दोनदोनदा खेळायचं. म्हणजे उरलेल्या ३१ पैकी १४ संघांशीच गाठ पडते. १७ संघांचं हंगामभर तोंडही दिसत नाही. मग ज्याच्या वाट्याला लुळेपांगळे आले त्याचा गुणाकार वेगळा आणि ज्याच्या वाट्याला पैलवान आले त्याचा वेगळा. आणि शेवटी दोघांचे विजय एकाच फूटपट्टीनं मोजायचे.

माझ्यातला वेळापत्रकवाला जागा झाला. गावातल्या वाचनालयात जाऊन मी या लीगचा इतिहास काढून बसलो. भाजी निवडायचं काम सौ.कडे परत गेलं, आणि तिनं त्याबद्दल जे म्हटलं ते इथे अप्रस्तुत आहे.

या लीगची स्थापना झाली १७ सप्टेंबर १९२० रोजी, ओहायो राज्यातल्या कँटन गावी, एका मोटारविक्रीच्या दुकानात. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून काही संस्थापक मोटारींच्या फूटबोर्डावरच टेकले. अध्यक्ष निवडला, नाव ठरलं. वेळापत्रक तेवढं राहून गेलं. ज्यानं त्यानं आपापल्या ओळखीनं पत्रं टाकायची आणि सामने ठरवायचे. म्हणजे स्थळं बघण्यासारखंच. कुणाचे अकरा सामने झाले, कुणाचे चार. टोनावांडा नावाच्या एका संघानं तर १९२१ साली एकच सामना खेळला, तो ४५-० असा हरला आणि कायमचा राम म्हटला. पहिल्या हंगामाचा विजेता कोण, हे पुढच्या एप्रिलात बैठक भरवून मतदानानं ठरवलं. ॲक्रन गावच्या संघाला मतं पडली.

पुढे मतं गेली आणि टक्केवारी आली. जिंकलेले सामने भागिले निकाली सामने. बरोबरीत सुटलेला सामना जमेस धरायचाच नाही. आता टक्केवारी आली की ट्यूशन आली, गाइड आलं आणि सोपे पेपर शोधणंही आलं. १९२५ साली झालं ते हेच.

पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोंगरांत पॉट्सव्हिल नावाचं एक कोळशाच्या खाणींचं गाव आहे. त्यांचा मरून्स नावाचा संघ त्याच वर्षी लीगमध्ये आला होता. त्या राज्यात रविवारी असले खेळ करायला कायद्यानं बंदी. फिलाडेल्फियातला फ्रँकफर्डचा संघ म्हणून शनिवारी खेळायचा. पॉट्सव्हिलनं मात्र कायद्याकडे काणाडोळा करून रविवारी मैदान भरवायला सुरुवात केली. बाहेरगावचा संघ शनिवारी फ्रँकफर्डशी झुंजून, अंग सुजवून रविवारी पॉट्सव्हिलमध्ये उतरायचा आणि समोर हे ताजेतवाने! वेळापत्रकाचा पहिला फायदा असा पॉट्सव्हिलनंच उकळला होता, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे मी त्यांची बाजू घेणार आहे.

६ डिसेंबर १९२५ला पॉट्सव्हिलनं शिकागोत जाऊन तिथल्या कार्डिनल्स संघाला २१-७ असं लोळवलं. आता कार्डिनल्सचे विजय ९, पराभव २. पॉट्सव्हिलचे विजय १०, पराभव २. भागाकार करा. कार्डिनल्स .८१८, पॉट्सव्हिल .८३३. आपल्या समजुतीप्रमाणे घोडं गंगेत न्हालं.

पण हंगाम अजून बंद झालेला नव्हता, आणि वेळापत्रक ज्याच्या त्याच्या हातात होतं. कार्डिनल्सचे मालक ख्रिस ओब्रायन यांनी त्याच आठवड्यात आणखी दोन सामने ठरवले. एक मिलवॉकीशी, एक हॅमंडशी. दोन्ही संघ तळाचे, जवळजवळ घरी गेलेले. १० डिसेंबरला मिलवॉकी आलं तेव्हा त्यांचे गडीच पुरेनात. तेव्हा कार्डिनल्सच्याच एका खेळाडूनं शिकागोच्या एका हायस्कूलमधली चार मुलं गोळा करून त्यांच्याकडून उभी केली. निकाल ५९-०. नववीतल्या मुलांना आंतरविद्यापीठ कुस्तीत उतरवावं त्यातला प्रकार. १२ तारखेला हॅमंडला १३-० हरवलं. झाले ११ विजय, २ पराभव. भागाकार .८४६!

त्याच १२ तारखेला पॉट्सव्हिल काय करत होतं? फिलाडेल्फियात नोत्र दाम विद्यापीठाच्या माजी नामांकित खेळाडूंशी प्रदर्शनी सामना खेळत होतं. तो त्यांनी ९-७ असा जिंकलाही. पण फिलाडेल्फिया म्हणजे फ्रँकफर्डची हद्द. दुसऱ्याच्या हद्दीत तिकीट लावून खेळू नका, असं लीगचे अध्यक्ष जोसेफ कार यांनी बजावलं होतं. कार यांनी पॉट्सव्हिलला निलंबित केलं. विजेतेपद कार्डिनल्सना देऊ केलं, तर ओब्रायनसाहेबांनी ते घ्यायला नकार दिला. हा माणूस मला आवडतो. दोन सामने चोरवाटेनं आणले खरे, पण दारात आलेलं ताट बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी. शिक्षाही झाल्या. मुलं पुरवणाऱ्या खेळाडूवर बंदी आली, मिलवॉकीच्या मालकाला संघ विकायला लावला. ५९-० मात्र दप्तरात तसंच राहिलं. कार्डिनल्सच्या नावापुढे आजही ११ विजय मांडलेले आहेत.

टक्केवारीचा दुसरा चमत्कार १९३२चा. ग्रीन बे गावचे पॅकर्स सलग तीन वर्षांचे विजेते. त्या साली त्यांनी १० सामने जिंकले, ३ हरले, १ बरोबरीत. शिकागोच्या बेअर्सनी जिंकले फक्त ६, हरले १, आणि तब्बल ६ बरोबरीत सोडवले. पोर्ट्‌समथचे विजय ६, पराभव १, बरोबरी ४. बरोबरी धरायचीच नाही, त्यामुळे सहा विजयवाले दोघं वर आणि दहा विजयवाला खाली! निम्मा पेपर कोरा ठेवला म्हणून पहिला नंबर दिल्यासारखंच हे झालं. मग त्या दोघांत निर्णायक सामना ठरला. १८ डिसेंबरला शिकागोत इतकी थंडी, की सामना छपराखालच्या सभागृहात घेतला. तिथे नुकतीच सर्कस होऊन गेलेली. तिची माती अजून पसरलेली होती. जागा अपुरी म्हणून शंभराच्या जागी ऐंशी यार्डांचं मैदान. पोर्ट्‌समथचा हुकमी खेळाडू डच क्लार्क आलाच नाही, कारण तो कोलोराडोत एका कॉलेजात बास्केटबॉल शिकवायच्या नोकरीवर रुजू झाला होता. (नोकरीपुढे विजेतेपद काय, हे कुठल्याही मध्यमवर्गीयाला समजावून सांगावं लागू नये.) बेअर्स ९-० जिंकले. तो सामनाही टक्केवारीत धरल्यामुळे पोर्ट्‌समथ हरल्याहरल्या पॅकर्सच्याही खाली, तिसऱ्या नंबरावर गेलं.

या गोंधळानंतर लीग शहाणी झाली. १९३३पासून दोन गट आणि शेवटी अंतिम सामना आला. १९३६ साली सगळ्या संघांनी पहिल्यांदा सारखेच, म्हणजे १२ सामने खेळले. सामने सारखे झाले; पण कोणाशी, हा प्रश्न उरलाच. आणि तिथे माझा माणूस प्रवेश करतो.

बर्ट बेल हे फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचे मालक आणि काही वर्षं प्रशिक्षकही. १९३६ साली त्यांचा संघ १२ पैकी ११ सामने हरला. शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसाला वर्ग जसा दिसतो तसा पहिल्या बाकावरच्याला कधीच दिसत नाही. नव्या खेळाडूंची निवड करताना सगळ्यात खालच्या संघाला पहिली संधी द्यावी, ही कल्पना त्यांचीच. १९४६ साली ते लीगचे आयुक्त झाले आणि वेळापत्रक त्यांच्याकडे आलं. ते घरच्या जेवणाच्या टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या मांडायचे आणि सोंगट्या हलवत हंगाम बसवायचे. पुढे संघ बारा झाले. म्हणजे एका हंगामाचे सामने ७२. त्या घरातल्या माणसांनी जेवणं कुठे केली, असा प्रश्न सौ.नं विचारला. तो मला सुचला नव्हता.

बेल यांची युक्ती साधी होती. हंगामाच्या सुरुवातीला दुबळ्यांशी दुबळे आणि बलवानांशी बलवान लावून द्यायचे. त्यामुळे पहिल्या चारसहा आठवड्यांत कुणी आभाळाला टेकत नाही, कुणी पाताळात जात नाही. नोव्हेंबर उजाडला तरी प्रत्येक गावाला वाटतं, यंदा आपलं काहीतरी होईल. आणि तिकिटं खपतात. याला कुणी लबाडी म्हणेल. मी म्हणणार नाही. ढ तुकडीला पहिल्या चाचणीत सोपा पेपर दिला की ती जानेवारीपर्यंत शाळेत येते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

१९५० साली क्लीव्हलँडचे ब्राउन्स या लीगमध्ये आले. ज्या प्रतिस्पर्धी लीगमधून ते आले, तिथे १९४६ ते १९४९ सलग चारही वर्षांचे विजेते. पण जुन्या मंडळींच्या मते तो सगळा गल्लीतला पराक्रम. बेल यांनी काय करावं? १६ सप्टेंबरला, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, ब्राउन्ससमोर दोन वर्षांचे विजेते ईगल्स उभे केले, तेही फिलाडेल्फियात. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी पुरणपोळ्या लाटायला बसवावं तसं. ७१,२३७ माणसं बघायला आली. सुनेनं ३५-१० अशा पोळ्या लाटल्या, आणि २४ डिसेंबरला अंतिम सामना ३०-२८ असा शेवटच्या अर्ध्या मिनिटात जिंकून विजेतेपदही उचललं. अवघड वेळापत्रक असंही फळतं, कारण मग तोंड उघडायला कुणाला जागा राहत नाही.

बेल १९५९ साली गेले, ११ ऑक्टोबरला, फिलाडेल्फियाच्या मैदानावर, ईगल्स आणि पिट्सबर्गचा सामना बघता बघता. दोन्ही संघांत त्यांची कधी ना कधी मालकी होती. त्या रविवारी हे दोन संघ आमनेसामने येणार, हे त्यांच्याच सोंगट्यांनी ठरवलं होतं.

आता तोंड उघडायला जागा राहिलेला संघ पाहू. १९७२चे मायामीचे डॉल्फिन्स. १४ पैकी १४, मग बाद फेरीचे २ आणि अंतिम १. एकूण १७ सामने, १७ विजय. या लीगच्या इतिहासात असा हंगाम दुसरा नाही. पण त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची यादी काढा. चौदा सामन्यांत समोर आलेल्या संघांपैकी पराभवांपेक्षा विजय जास्त असलेले फक्त दोन, तेही जेमतेम, ८ विजय आणि ६ पराभवांचे. सगळ्यांच्या हंगामांची बेरीज ७० विजय, १२२ पराभव, ४ बरोबरी. त्यातले काही पराभव खुद्द मायामीनं केलेले, तेवढे वजा करायला हवेत. केले तरी चित्र फारसं बदलत नाही. जावई म्हणतात, सोपं वेळापत्रक. मी म्हणालो, थांबा. पाचव्या सामन्यात त्यांचा मुख्य खेळाडू बॉब ग्रीसी याचा पाय मोडला. पुढचा डाव चालवला अर्ल मॉरल या अडतीस वर्षांच्या गृहस्थानं. बफेलोशी सामना एका गुणानं सुटला, मिनेसोटाशी दोन गुणांनी. आणि सगळे जिंकूनही बाद फेरीचा दुसरा सामना त्यांना परगावी, पिट्सबर्गला जाऊन खेळावा लागला, कारण घरचं मैदान कुणाला हे तेव्हा पाळीपाळीनं ठरायचं. ३१ डिसेंबरला तो त्यांनी २१-१७ असा जिंकला. म्हणजे वेळापत्रकानं चौदा वेळा हात दिला आणि पंधराव्या-सोळाव्याला काढून घेतला. घरचं मैदान ज्याचे विजय जास्त त्याला, हा नियम १९७५ साली आला.

१९७८ साली सामने १६ झाले आणि वेळापत्रकाला सूत्र आलं. गेल्या वर्षी पहिले आलेल्यांनी पहिल्या आलेल्यांशी जास्त खेळायचं, शेवटच्यांनी शेवटच्यांशी. बेल यांच्या सोंगट्यांचंच हे कायद्यातलं रूप. २००२पासून बहुतेक सामने ठरावीक फेऱ्यांनी वाटले जातात. गेल्या वर्षीच्या नंबरावर ठरतात ते आता १७ पैकी ३. आणि गेल्या वर्षीचा नंबर म्हणजे गेल्या वर्षीचं पंचांग! तोवर खेळाडू बदलतात, प्रशिक्षक बदलतात, गुडघे जातात. मे महिन्यात सोपा दिसलेला पेपर डिसेंबरात सोपा असेलच असं नाही.

आणि गटांची गंमत तर वेगळीच. २००८ साली न्यू इंग्लंडचे पेट्रियट्स १६ पैकी ११ सामने जिंकून घरी बसले. सॅन डिएगोचे चार्जर्स ८ जिंकून, ८ हरून, दुबळ्या गटात पहिले आले म्हणून बाद फेरीत गेले. आणि तिथे बारा विजय मिळवून आलेल्या कोल्ट्सना त्यांनी हरवलंही! त्याच पेट्रियट्सनी आदल्या हंगामात १६ पैकी १६ जिंकले होते. त्यातला शेवटचा सामना २९ डिसेंबर २००७ रोजी न्यूयॉर्कच्या जायंट्सशी, ३८-३५. जायंट्सची बाद फेरीतली जागा पक्की झालेली, त्या सामन्यात त्यांना मिळवायचं काही नव्हतं. तरी ते जिवावर उदार होऊन खेळले. पाच आठवड्यांनी अंतिम सामन्याला समोर पुन्हा हेच जायंट्स, आणि या वेळी १७-१४ असे जिंकून गेले. वेळापत्रकानं त्यांना नाटकाची रंगीत तालीम करून दिली होती, तीही मुख्य नटासकट.

गेल्या उन्हाळ्यात जावयांनी आम्हाला पॉट्सव्हिल दाखवायला नेलं. मी मागेच लागलो होतो. तिथे अमेरिकेतली सगळ्यात जुनी, १८२९ सालची बिअरची भट्टी आहे. ती ऐतिहासिक वास्तू म्हणून बघितलीच पाहिजे, असं जावयांचं मत पडलं. मुलीनं त्यांच्याकडे असं बघितलं, की इतिहास तिथेच थांबला. गाव चढउतारांचं. शंभर वर्षं होत आली तरी हे गाव १९२५ विसरायला तयार नाही. आपलं विजेतेपद परत मागायला ते १९६३ साली लीगकडे गेलं, २००३ सालीही गेलं. २००३ला मालकांनी मतदान केलं. प्रकरण पुन्हा उघडू नये, ३० मतं, उघडावं, २. ती दोन मतं पेनसिल्व्हेनियातल्याच दोन संघांची, फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग. कार्डिनल्स पुढे शिकागोहून सेंट लुईसला आणि तिथून ॲरिझोनाला गेले. त्यांच्या खात्यावर आजवर दोनच विजेतेपदं आहेत, १९२५ आणि १९४७. दोनांतलं एक सोडायला कोण तयार होईल? पॉट्सव्हिलच्या मंडळींनी मग स्वतःच कोळशातून कोरून एक करंडक केला आणि तो कँटनच्या संग्रहालयाला देऊन टाकला.

"एवढ्याशा गावानं एवढं काय धरून ठेवायचं?" सौ. म्हणाली. तिच्या बहिणीच्या लग्नातली पैठणी मी काढणार होतो; पण जावई समोर होते.

परत येताना एका खाणावळीत थांबलो. जावयांनी एकदम विचारलं, "बाबा, पॉट्सव्हिलनंही तेव्हा असेच दोन सोपे सामने ठरवले असते तर?"

मी कागदी रुमाल पुढे ओढला आणि त्यांची पेन्सिल मागितली. बारा विजय, दोन पराभव. बाराला चौदानं भागलं. .८५७. कार्डिनल्स .८४६.

जावयांनी तो रुमाल दोनदा नीट तपासला, घडी केली आणि पाकिटात ठेवला.